पाणी अडवून बसलेला बागोबा

साताऱ्यात कुणाला सांगितलं की आम्ही चार दिवस पनवेलला जाऊन आलो, तर समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "आणि तिथून पुढे कुठे?" पनवेल हे मुक्कामाला जायचं गाव नाही, एस.टी. दहा मिनिटं थांबली की वडा खाऊन हात पुसायचं गाव आहे, अशी घाटावर पक्की समजूत आहे. माझीही होती. माझा सख्खा भाऊ तिथल्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवत होता, तरी मी बारशी-मुंजींपलीकडे तिकडे फिरकले नव्हते.

या वेळी गेले ते दादाच्या कार्डामुळे. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं तो पाताळगंगेच्या काठची एक जुनी, हरवलेली बाग उकरून काढत होता. कार्डावर लिहिलं होतं, "बाग उभी राहिली. रविवारी कारंजे सुरू करण्याचा विचार आहे. माधवरावांना अवश्य आणणे." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. माधवराव म्हणजे आमचे हे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. त्या दोन रेघांमुळे ह्यांनी दोन दिवस आधीपासून टेप, ओळंबा आणि पाणसळ बॅगेत भरून ठेवली. माझ्या साड्यांना जागा उरली नाही.

शुक्रवार, पनवेल

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. वाटेत जे जे धरण, तळं किंवा नुसता ओला खड्डा दिसला, त्याची गळती का होते ते ह्यांनी मला सांगितलं. खोपोली मागे पडली तसा उकाडा सुरू झाला. पौष महिना म्हणून मी स्वेटर घालून निघाले होते. स्टँडवर उतरले तेव्हा तो घातलेली मी एकटीच होते आणि रिक्षावाले माझ्याकडे दया आल्यासारखं बघत होते.

वहिनींनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली होती. आमच्याकडची ज्वारीची भाकरी थापताना शेजारच्या घरात ऐकू जाते. ही तांदळाची भाकरी आवाज न करता होते आणि खातानाही आवाज करत नाही, त्यामुळे किती खाल्ल्या ते कळत नाही. ह्यांनी पाच खाल्ल्या आणि मग, आता मुख्य जेवण कधी, अशा चेहऱ्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

जेवताना वहिनींनी बागेची खबर दिली. पनवेलमध्ये सध्या ज्याला त्याला प्लॉटचं वेड लागलंय, शेजारपाजारच्यांनी प्लॉट घेतले, आणि आपल्या घरचा माणूस दुसऱ्याच्या जमिनीतले दगड घासत बसतो, हे त्यांचं मुख्य दुःख. "सवत परवडली असती हो वन्सं," त्या म्हणाल्या. "ती निदान रोज नखांत माती भरून नवरा परत पाठवत नाही."

दादा हसला नाही, तेव्हा मला काहीतरी बिनसलंय असं वाटलं. मग त्यानेच सांगितलं. बागेची जमीन गावाची. ती मुंबईचा एक माणूस पोल्ट्रीसाठी भाड्याने मागत होता. सरपंच माणूस चांगला, पण ग्रामसभेत लोक विचारायला लागले होते, की मास्तरांची बाग दिसते छान, पण गावाला तिचा उपयोग काय? दादा तेव्हा जोशात बोलून गेला होता, की यंदा पौष पौर्णिमेला कारंजं उडवून दाखवतो, लांबून लोक बघायला येतील. सरपंचांनी ते धरलं. पौर्णिमा रविवारी होती. कारंजं उडालं तर बाग राहणार, नाही तर कोंबड्या.

"मग उडेल की," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "माधवरावांना दाखवू उद्या," आणि पानावरून उठला.

शनिवार, बाग

आपट्याकडे जाणारी एस.टी. कर्नाळ्याच्या सुळक्याखालून जाते. तो सुळका बघताना ह्यांनी एवढंच विचारलं, की वर टाकी असेल तर पाणी कुठून येत असेल. आपट्याच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून अर्धा तास चाललं की नदीकाठची वाडी लागते. वाडीच्या वर, उतारावर बाग.

ही बाग हरवली होती म्हणजे अगदी पुरती हरवली होती. पेशवाईतल्या कुणा कारभाऱ्याने ती लावली म्हणतात, पण गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानेही ती पाहिलेली नव्हती. 'बागेतली करवंदं' एवढाच शब्द शिल्लक होता, आणि करवंदांच्या जाळीला लोक बाग का म्हणतात हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. दादा एकदा शाळेची सहल घेऊन तिथे आला आणि करवंदं खाताना एका दगडावर बसला. बसायला टोचलं म्हणून उठून पाहिलं, तर खाली कोरलेलं कमळ. ते कारंज्याचं तोंड होतं.

सहा वर्षांनी मी जे पाहिलं त्याने मला खरोखर गहिवरून आलं. दगडी पाटांनी आखलेले चौकोन, त्यांत सोनचाफा, अनंत, मोगरा. दोन जुनी बकुळीची झाडं, जाळी काढल्यावर मोकळं झाल्यासारखी पसरलेली. वरच्या अंगाला ओढ्याच्या पाण्याने भरणारा दगडी हौद, त्याच्या पायथ्याशी एक छोटी कुंडी, तिथून जमिनीखालून खापरी नळ आणि मधोमध ते कमळ. लहानपणी माझ्या वहीत साधा आंबा काढून द्यायला कंटाळणारा माझा भाऊ हाच का, असं वाटलं.

दादाबरोबर या कामात सहा वर्षं एकच माणूस टिकलं होतं, ती हिराबाय. साठीची, काटक, नऊवारीचा काष्टा मारलेली, नदीत जाळं टाकणाऱ्या घरातली. पूर्वी ती या जाळीतली करवंदं पनवेलच्या बाजारात विकायची. दादा जाळी तोडायला लागला तेव्हा पहिले आठ दिवस तिने त्याला शिव्या दिल्या, आणि नवव्या दिवशी, तुमाला कोयता धरता येत नाय, म्हणत तो हातातून काढून घेतला. तेव्हापासून ती तिथेच.

"आधी देवाच्या पाया पडा," ती आम्हाला म्हणाली.

हौदाखालच्या कुंडीत देव होता. दोन वर्षांपूर्वी कुंडीतला गाळ काढताना हिराबायला भिंतीतून अर्धा बाहेर आलेला एक गोल दगड दिसला. तिने त्याला शेंदूर लावला, नारळ फोडला, आणि बागेत सापडला म्हणून गावाने त्याला बागोबा म्हणायला सुरुवात केली. आता शेंदराचे इतके थर चढले होते की बागोबाला गाल आले होते. दादाने चप्पल काढून त्याला सोनचाफ्याचं फूल वाहिलं. आमच्या घरात दादा हा देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस, म्हणून मला नवल वाटलं.

ह्यांनीही चप्पल काढली, हात जोडले. मग वाकले. मग उकिडवे बसले. बोटाच्या पेराने बागोबाच्या कपाळावर टकटक केलं. उठून हौदावर चढले, शर्टाची बाही खांद्यापर्यंत सरकवून पाण्यात हात घातला आणि आतून भिंत चाचपत राहिले. तोवर आमच्याभोवती वाडीतली दहा-बारा माणसं जमली होती. पाहुणे आहेत, साहेब आहेत, कारंजं बघायला आलेत, असा बोभाटा झाला होता.

ह्यांनी हात बाहेर काढला, रुमालाने पुसला आणि खात्यात तीस वर्षं ज्या आवाजात शेरे सांगितले त्या आवाजात म्हणाले, "सापडलं. नळ चोख आहे, हौद चोख आहे. हा देव नाही. हे बूच आहे."

सगळ्यांनी हिराबायकडे पाहिलं. ह्यांना वाटलं, लोकांना समजलं नसेल. म्हणून त्यांनी हाताने बाटलीचं बूच उपटल्यासारखं करून दाखवलं.

"घाटावरचे आहेत," दादा घाईने लोकांना म्हणाला. "त्यांच्याकडे देव वेगळे असतात. मनावर घेऊ नका."

हिराबायने आरतीचं ताट उचललं, पदराने झाकलं आणि आमच्याकडे न बघता उताराने खाली निघून गेली. तिच्या मागोमाग बाकीचेही गेले.

आता सगळ्यांत वाईट गोष्ट अशी, की हिराबायने आमच्यासाठी पोपटी लावून ठेवली होती. हा पदार्थ आमच्याकडे नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला पसरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, वर पुन्हा पाला, मग मडकं जमिनीवर उलटं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत. मडकं कधी काढायचं हे फक्त लावणाऱ्याला कळतं. वरून पाण्याचे शिंतोडे मारून आवाज ऐकतात म्हणे. ऐकणारी तर रुसून गेली. जाळ पेटलेला, मडकं उलटं, आणि आम्ही तिघं भोवती उभे.

ह्यांनी शिंतोडे मारले. चुर्र झालं. झालं, म्हणाले. दादाने शिंतोडे मारले. चुर्र झालं. नाही झालं, म्हणाला. एकाच आवाजावर दोघांचा अर्धा तास वाद चालला, आणि मग मला भूक लागली होती म्हणून मी काठीने मडकं उलटवलं. बटाटे वरून कोळसा आणि आतून कच्चे होते. शेंगा मात्र सगळीकडून कच्च्या होत्या. आम्ही त्या खाल्ल्या. कच्च्या वालाचं पुढे पोटात काय होतं ते परतीच्या एस.टी.त कळलं, आणि त्याबद्दल एवढंच म्हणेन की आमच्या मागची दोन बाकं लवकर रिकामी झाली.

पनवेलला पोचल्यावर ह्यांना मी बाहेर अंगणात बसवलं आणि दादाला विचारलं, आता काय करायचं?

"ते बूच आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," दादा म्हणाला.

तो सांगत गेला. गेल्या वर्षापर्यंत हौद गळका होता, नळ चोंदलेले होते, त्यामुळे बूच असलं काय नसलं काय. यंदा हौदाच्या चिरा चुन्याने भरल्या, नळ साफ झाले, आणि पाणी बागोबाच्या पाठीशी येऊन थांबलं. त्याने रबरी नळी हौदाच्या कडेवरून टाकून पाहिली होती. तेवढ्याने कारंज्याला नुसता घाम आला.

"मग हिराबायला सांगितलं का नाहीस?"

"सहा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. एक देव काय तो तिला मिळाला. तोही मी उपटू?" तो म्हणाला. "म्हणून तर माधवरावांना बोलावलं. पाण्यातला माणूस आहे, देवाला हात न लावता काही वाट काढतील. एकट्याला गाठून सांगणार होतो. त्यांनी चप्पल काढली आणि डोकं चालवलं."

ज्या बागेसाठी त्याने सहा वर्षं घातली, ती तो एका बाईच्या भक्तीपायी कोंबड्यांना द्यायला तयार होता. मला त्याचा राग आला, आणि तो माझा भाऊ आहे याचा फार अभिमानही वाटला. दोन्ही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, राग जरा हळू आवाजात सांग, तुझी वहिनी झोपल्याचं दाखवतेय.

रविवार, पाणी

सकाळी ह्यांनी स्वतः बाजारात जाऊन नारळ आणला. माफी मागायची हे कबूल होतं, पण आपण चुकलो हे कबूल नव्हतं. "बूच असून देव असू शकतो, एवढं मी म्हणेन," असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, तुम्ही काहीच म्हणू नका, नुसता नारळ ठेवा.

बागेत पोचलो तर अख्खी वाडी आलेली. सरपंच कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसले होते. आणि कुंडीपाशी हिराबाय, हातात तांब्या आणि झेंडूची फुलं घेऊन. ह्यांनी तिच्यापुढे नारळ ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिले. तिने नारळ उचलून बाजूला ठेवला, म्हणजे माफी मिळाली की नाही ते कळलं नाही.

"साह्यब काय बोलले ते समद्यांनी आयकलं," ती लोकांना म्हणाली. "आता देवालाच इचारू. कौल लावू."

कोकणात कौल लावतात हे मी ऐकून होते. आमच्याकडे देवाला सांगायची रीत आहे, विचारायची फारशी नाही. इथे देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि बसून राहतात. उजवी आधी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नाही. हिराबायने बागोबाच्या दोन गालांवर दोन पाकळ्या लावल्या.

"बागोबा, तुला जाग्यावर बसाचा हाय, का पान्याला वाट द्याची हाय? वाट द्याची असंल तर उजवा दे."

सगळे श्वास रोखून बसले. दादा तर डोळे मिटून होता. मला माहीत होतं तो काय मागत असेल, आणि मला हेही माहीत होतं की त्याला ते मागायची लाज वाटत असेल. ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, की दगडाला पाठीमागून ओल आहे, वारा पुढून आहे, तर काही सांगता येत नाही. मी त्यांना चिमटा काढला.

उजवी पाकळी पडली.

गलका झाला. नंतर बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की डावी पाकळी अजून तशीच होती आणि हिराबायला ती नखाने खरवडून काढावी लागली.

मग बागोबाला उठवायचा कार्यक्रम. शेंदराने तो भिंतीला असा धरला होता की हलेना. दादाने जोर लावला, दोन गडी लागले, शेवटी हे पुढे झाले. बूच काढणं हे जोराचं काम नाही, म्हणाले, आणि पाय भिंतीला लावून त्यांनी त्याला डावीकडे-उजवीकडे घोळवायला सुरुवात केली. तिसऱ्या झटक्याला बागोबा सुटला. पाण्यासकट सुटला. आमचे हे देवाला पोटाशी घट्ट धरून मोगऱ्याच्या वाफ्यात उताणे पडले, आणि पहिला शब्द बोलले तो असा, "बघा."

कुंडी भरली. पाणी नळात शिरल्याचा गडगड आवाज आला आणि थांबला. सगळे कमळाकडे बघत उभे. काहीच नाही. सरपंच खुर्ची ओढून अगदी जवळ गेले आणि कमळात डोकावले. एक बेडूक बाहेर आला. लोक हसले. दादाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

आणि मग कारंजं उडालं. माणसाच्या उंचीएवढं, आणि लालभडक. दोन वर्षांचा शेंदूर बागोबाने नळात सोडला होता. सरपंचांचा पांढरा सदरा खांद्यापासून खालपर्यंत रंगला. एक म्हातारी पुढे येऊन सरपंचांच्याच पाया पडली. त्यामुळे त्यांना रागावता आलं नाही. हळूहळू पाणी निवळत गेलं, केशरी, मग गुलाबी, मग स्वच्छ, आणि सहा वर्षं घासलेल्या पाटांतून चारी वाफ्यांकडे निघालं.

दादा पाटाशी मांडी घालून बसला आणि पाण्यात हात घालून रडला. वहिनी पहिल्यांदाच बागेत आल्या होत्या. त्या त्याच्याजवळ गेल्या, आणि त्याची नखं धुवायला लागल्या.

सरपंचांनी तिथल्या तिथे सांगितलं, की जिथे देव अंगावर शेंदूर उडवतो तिथे कोंबड्या कोण ठेवणार. बागोबाला हौदावरच्या कोनाड्यात बसवलं. संध्याकाळी पाणी बंद करायचं कसं, हा प्रश्न आला, कारण बूच एकच होतं. हिराबायने तोही सोडवला. रविवारी सकाळी देव उठेल, संध्याकाळी जाग्यावर जाऊन निजेल. आठवडाभर निजलेला राहील. आता गावात कारंजं चालू करणं असं कुणी म्हणत नाही, देव उठला म्हणतात.

त्या दिवशीची पोपटी हिराबायने लावली. वालाची शेंग दोन बोटांत धरून दातांनी ओढायची, शेंगेला मीठ लागलेलं, भांबुर्ड्याचा वास. मी किती खाल्ल्या ते लिहीत नाही, कारण पाच भाकऱ्यांवरून मी ह्यांना बोलले आहे.

निघताना फाट्यापर्यंत हिराबाय माझ्याबरोबर आली. पुरुष पुढे गेले होते. मी तिला म्हटलं, आमच्या ह्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका.

"साह्यब खरा बोलले ताय," ती म्हणाली. "तो बूचच हाय. कोयता लागला तवाच मना कलला. मांगं पोकल वाजला."

मी थांबले. ती चालतच होती. तेव्हा लोक बागेतले घडीव दगड घरांच्या जोत्यांना उचलून नेत होते, ती सांगत होती. मास्तर रोज सकाळी येऊन दगड मोजायचे आणि डोकं धरून बसायचे. "दगूड कोनी बी उचालतो. शेंदूर लावला तवापासून येक बी दगूड गेला नाय."

"मग दादाला का नाही सांगितलंत?"

"कसा सांगू? मास्तर रोज त्याला फूल वाहतात. त्यांची येवढी सरधा. मी म्हातारी त्यांचा देव मोडू?" मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "पन काल समद्यांनी आयकला, आनि पोलटरी व्हायाची येल आली. मंग डाव्या पाकलीला तेलाचा बोट लावला, चिकटून ऱ्हावी म्हनून. देव समजून घेल."

एस.टी. आली. मी आधी चढले आणि खिडकीतून खाली उभ्या असलेल्या दोघांना बघत होते. दादा तिला सांगत होता की उद्या मी येईपर्यंत देवासाठी ताजा सोनचाफा खुडून ठेव, आणि ती मान डोलवत होती.

मी दोघांनाही काही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही, कारण ह्यांना सांगणं म्हणजे सगळ्या खात्याला सांगणं. हे लिहायला हरकत नाही असं वाटतं. हिराबाय वाचत नाही, आणि माझं लिखाण दादा पहिल्या पानावर शुद्धलेखनाच्या चुका दाखवून परत देतो, पुढे जात नाही. तुम्ही मात्र जा. रविवारी जा, सकाळी जा, पोपटीच्या दिवसांत जा. कुंडीपाशी चप्पल काढा, बागोबाला फूल वाहा. आणि ती दोघं तिथे असतील, तर कृपा करून, काय वाटेल ते झालं तरी, बूच हा शब्द काढू नका.